भाचेबुवांची बग्गी

दिवाळीत लातूरला ताईकडे गेलो होतो. फराळ, ओवाळणी, सगळं यथासांग झालं. भाऊबीजेच्या ताटावरून उठता उठता दाजींचे थोरले बंधू सगळ्यांदेखत म्हणाले, "मामानंच पोराला नाद लावला. बारावीचं वर्ष, आन् पोरगं स्क्रू पिळत बसायलंय." हसत हसतच म्हणाले, पण म्हणाले. मी लाडवाचा घास तोंडात कोंबला आणि गप्प बसलो. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता इथं लिहितोय. ब्लॉगचा हा एक मोठा फायदा आहे, मधे कोणी बोलत नाही. (ताई वाचते, दाजी वाचतात, आणि थोरले बंधूही गुपचूप वाचतात अशी माझी दाट शंका आहे. त्यांना नमस्कार. :) )

तर नाद कसला, हे आधी सांगायला हवं. रिमोटवर चालणारी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे जत्रेतली, दोन दिवसांत मोडणारी गाडी येते. ही ती नव्हे. खऱ्या रेसिंग बग्गीच्या एक दशांश मापाची ही गाडी असते. लांबी सव्वा फुटाच्या आसपास, वजन दीड किलो. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल, सगळं खऱ्यासारखं. खऱ्यासारखं कसलं, खरंच. जपानच्या तामिया कंपनीनं १९७९ साली मातीत पळणाऱ्या अशा पहिल्या बग्ग्या आणल्या. १९८४ साली त्यांच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची आरसी-टेन आली. तिच्यात ॲल्युमिनियमची चॅसी आणि तेलाचे शॉक होते, आणि तिथून पुढे हा प्रकार खेळण्यांच्या दुकानातून उठून शर्यतीच्या मैदानात जाऊन बसला. आपल्याकडे हे लोण फार उशिरा आलं. नांदेडात तर अजून आलंय असंही म्हणवत नाही. माझ्या ओळखीत आम्ही मोजून तिघे, त्यातला एक भाचा.

आमची गाडी किट म्हणून आली. म्हणजे खोक्यात गाडी नसते, गाडीचे तुकडे असतात. पिशव्या, पिशव्यांत स्क्रू, आणि एक चित्रांचं पुस्तक. भाचा तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मामाच्या गावाला म्हणून नांदेडला आला होता. चार दिवस आम्ही दोघं हॉलमधे सतरंजी टाकून बसलो होतो. बायको ओलांडून जात होती, बोलत काही नव्हती. चौथ्या दिवशी गाडी उभी राहिली, पाचव्या दिवशी आम्ही ती विष्णुपुरीच्या रस्त्याला मित्राच्या रिकाम्या प्लॉटवर नेली, आणि दहाव्या मिनिटाला ती पाठीवर पडून चारही चाकं हवेत फिरवत होती. उताण्या झुरळासारखी.

"मामा, ही नुसती उलटायली."

उलटणारच. आम्ही शहाणपणा केला होता. शर्यत जिंकणारे लोक आपापल्या गाडीचं 'सेटअप शीट' जाहीर करतात. कुठली स्प्रिंग, कुठल्या नंबरचं तेल, चाकं किती अंशांत कललेली, सगळं त्या एका कागदावर असतं. आम्ही इंटरनेटवरून एका नावाजलेल्या खेळाडूचं शीट उतरवून घेतलं होतं आणि गाडी अगदी तशीच लावली होती. तो कागद युरोपातल्या कुठल्याशा ट्रॅकचा होता, आणि तो ट्रॅक कृत्रिम हिरवळीचा. तिथं चाकाला पकड इतकी असते की गाडी जमिनीलगत ठेवतात, स्प्रिंगा कडक ठेवतात, टायरचे काटे अगदी बारके. ती गाडी आमच्या मुरमावर आणली की पोट घासतं, चाकं टुणटुण उडतात आणि जिथं चाक जमिनीला लागतच नाही तिथं ते वळणार कुठून? कागद बरोबर होता, गाडी बरोबर होती. मातीच वेगळी होती.

इथून पुढचं दीड वर्ष आम्ही मातीच शिकलो, असं म्हटलं तरी चालेल.

त्या प्लॉटची गंमत अशी, की अर्ध्या भागात मित्रानं मुरूम टाकून घेतलाय आणि अर्धी मूळची काळी आहे. विटा आणि जुने पाइप मांडून आम्ही शंभरेक मीटरची फेरी आखली, ती दोन्हीतून जाते. आता काळ्या मातीचं मी मराठवाड्यातल्या वाचकांना काय सांगायचं! उन्हाळ्यात ती इतकी आकसते की भेगांत हात जातो. पाऊस पडला की फुगते आणि चिकटते. भेगेत पुढचं चाक गेलं की पुढचा आर्म काडकन मोडतो (तीन मोडले, आणि प्रत्येक वेळी नवा येईपर्यंत आठवडा गेला). चिखलात चाक गेलं की दोन फेऱ्यांत चाकाचा लाडू होतो, टायरचे काटे दिसेनासे होतात आणि दीड किलोची गाडी दोन किलोची होते. परदेशातली मंडळी ट्रॅकवर पाणी मारतात, धूळ बसावी म्हणून. आम्हीही मारायचं म्हटलं तर भाचाच नको म्हणाला. तो लातूरचा आहे. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. दाजींच्या खांद्यावर बसून त्यानं ती टँकरची गाडी बघितलेली आहे. त्याला खेळासाठी जमिनीवर पाणी ओतणं जमलं नाही, आणि मग मलाही जमलं नाही.

मग आम्ही काय केलं, तर आमच्या आबांना नेलं. आबांनी आयुष्यभर शेती केली. गाडीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. खाली बसले, काळ्या भागातलं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, बोटांनी फोडलं आणि म्हणाले, "अजून वापसा न्हाई. परवा या."

पुस्तकात ज्याला वाफसा म्हणतात तो आमच्याकडे वापसा. पावसानंतर जमिनीतलं जास्तीचं पाणी निचरून जातं, ओल राहते पण चिकटपणा जातो, औत घालायला जमीन तयार होते, ती अवस्था. ज्यानं पेरणी बघितली आहे त्याला सांगायला नको, ज्यानं नाही बघितली त्याला सांगून कळायचं नाही. परवा गेलो, आणि गाडीनं जमीन अशी धरली की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टायरचे काटे ओल्या थरात रुततात, धरतात आणि सुटताना माती बरोबर घेऊन येत नाहीत. जगभरातल्या ट्रॅकवाल्यांची पाण्याच्या फवाऱ्यांनी जी अवस्था आणायची धडपड चालते तिला आमच्याकडे एक नेमका शब्द आहे, आणि तो ओळखणारा माणूस घरात पेपर वाचत बसलेला होता!

त्या दिवसापासून आबा आमचे टायर-सल्लागार. मुरूम असेल तर उंच काट्याचे टायर. काळी सुकून वर पापुद्रा धरला असेल तर बुटक्या काट्याचे. ओली असेल तर गाडी खोक्यातून बाहेरच काढायची नाही. आबा आम्हाला औताची गोष्टही सांगायचे. नांगर खोल जातोय की उथळ, हे बघून जूपासूनचा दोर एक वेढा आखडायचा की सैल सोडायचा हे ठरायचं, आणि एकाच शेतात वरच्या आणि खालच्या तुकड्याला ते वेगळं असायचं. सेटअप म्हणजे दुसरं काय असतं?

आता जरा तेलाविषयी, कारण तेलानं आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. शॉक ॲब्सॉर्बरमधे सिलिकॉनचं तेल असतं, त्याला नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट आणि शॉक तितका सावकाश दबतो. पहिल्यांदा तेल संपलं तेव्हा मी म्हटलं, त्यात काय एवढं, शिवणयंत्राचं घाल. घातलं. चार दिवसांत शॉकमधल्या रबरी रिंगा फुगल्या आणि दांडा आत-बाहेर होईना. साधं खनिज तेल त्या रबराला चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं. भाच्यानं काहीही न बोलता रिंगा बदलल्या. ते न बोलणं मला चांगलंच लागलं.

मग उन्हाचा भाग. जानेवारीतल्या सकाळी आमची गाडी ३० नंबरच्या तेलावर मखमलीसारखी चालायची. तीच गाडी, तेच तेल, मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंशांत बाहेर काढली की उडी मारून खाली येताना पोट आपटायची आणि परत उसळायची. सिलिकॉनचं तेल साध्या तेलाच्या मानानं उन्हाला कमी दाद देतं, पण देतंच. उन्हात ते पातळ होतं, म्हणजे कागदावर ३० असलं तरी गाडीत ते ३० उरत नाही. मग आम्ही ३५ घातलं, मग ४०. मेमधे ४० बसलं. युरोपातल्या त्या शीटवर हवामानाचा रकाना होता, तो आम्ही वाचलाच नव्हता.

तेल भरणं हीसुद्धा एक साधना आहे. शॉक उभा धरायचा, तेल भरायचं, पिस्टन हळूहळू वरखाली करायचा. बुडबुडे वर येतात. सगळे येईपर्यंत थांबायचं. घाई करून झाकण लावलं की आत हवा राहते, मग चार शॉक चार तऱ्हेचे वागतात आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात वेगळी वागते. भाचा चार काचेच्या पेल्यांत चार शॉक उभे करून दहा-दहा मिनिटं नुसता बघत बसायचा. हाच मुलगा जेवताना दोन मिनिटं एका जागी बसत नाही, हे ताईनंच मला शंभरदा सांगितलेलं आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो, नाहीतर नातेवाईक पळून जातील. गाडीची उंची: गाडी अर्ध्या फुटावरून सोडायची, बसू द्यायची, आणि पोटाखालची जागा मोजायची. आमच्या घरच्या कॅरमच्या तीन सोंगट्या एकावर एक ठेवल्या की साधारण २४ मिलिमीटर होतात. त्या पोटाखालून जेमतेम सरकल्या की आमच्या मुरमाला बरोबर. मागची चाकं जरा आतल्या बाजूला तोंड केलेली, तीनेक अंश, म्हणजे गाडी सरळ पळताना शेपूट हलवत नाही. वरच्या बाजूनं चाकं एक-दोन अंश आत कललेली. ते बरोबर आहे का, हे टायर सांगतो. आतला काठ आधी झिजला तर कल जास्त, बाहेरचा झिजला तर कमी. ह्यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं.

एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी भाच्याला भाऊबीजेची भेट म्हणून नवी मोटर आणली. जुनीपेक्षा बरीच वेगवान. (भाऊबीज बहिणीची, भेट भाच्याला, हे ताईनं तेव्हाही ऐकवलं होतं.) मोटर बसवली, आणि सरळ पट्ट्यात गाडी अशी सुटली की रस्त्यानं जाणारे दोघे मोटरसायकल थांबवून बघत राहिले. मी खूश. भाच्यानं मात्र घड्याळ लावलं होतं. जुन्या मोटरवर पाच फेऱ्यांना १ मिनिट ४८ सेकंद लागायचे. नव्या मोटरवर सगळ्यात जलद फेरी होती १९.८ सेकंदांची, म्हणजे विक्रमच. पण पाच फेऱ्यांचा एकूण वेळ २ मिनिटं ३ सेकंद! कारण प्रत्येक वळणावर चाकं जागच्या जागी फिरायची, गाडी फेकली जायची, कधी विटेवर, कधी पाइपवर. वर मोटर तापून लाल. करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची तापमापी आम्ही मोटरवर धरली, तर तिनं नुसतं 'हाय' दाखवून हात वर केले. माणसाच्या तापाच्या पुढं तिला मोजताच येत नाही बिचारीला. शेवटी बोट लावून बघितलं. पाच सेकंद बोट टिकलं नाही तर गाडी थांबवायची, हा आमचा नियम.

मग मोटरचा गिअर दोन दातांनी लहान केला. कमी ताप, कमी वेग. रिमोटवर सुरुवातीचा जोर कमी केला. वेळ आला १ मिनिट ४४. ठीक. आणि मग भाचा म्हणाला, जुनी मोटर परत लावून बघू. मला जरा राग आला, खोटं का बोला, पैसे मी घातले होते. पण लावली. एव्हाना तेल, उंची, टायर सगळं बसलेलं होतं. जुन्या मोटरवर पाच फेऱ्या १ मिनिट ३९ सेकंद.

ते १.३९ त्याच्या वहीत आहे. वहीविषयी सांगतो. गणिताच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं. पट्टीनं रकाने आखलेले. तारीख, वेळ, ऊन, माती, तेल, स्प्रिंग, टायर, पाच फेऱ्या, शेरा. सुरुवातीच्या पानांवर एकाच दिवशी चार-चार गोष्टी बदललेल्या दिसतात. गाडी दीड सेकंदानं सुधारली, दुसऱ्या दिवशी दोन सेकंदांनी बिघडली, आणि चारपैकी कशामुळे सुधारली आणि कशामुळे बिघडली ते काही केल्या कळेना. अशी सात-आठ पानं वाया गेल्यावर एके ठिकाणी लाल पेनानं लिहिलंय, "एका वेळी एकच." मी त्याला हे सांगितलेलं नाही. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

पुढचा एक शेरा मला पाठ आहे. "तिसऱ्या वळणावर मागून सुटते. मामा म्हणतो टायर. मला वाटतं डिफ." खालच्या ओळीत दुसऱ्या दिवसाची तारीख, नवे टायर, वेळ तोच. "टायर नव्हतं." तिसऱ्या दिवशी जुने टायर परत, डिफरन्शियलचा स्क्रू अष्टमांश फेरा सैल. वेळ अर्ध्या सेकंदानं कमी. शेरा, "डिफ." बस्स, एवढंच. मामा चुकला असं लिहायचीही गरज वाटली नाही त्याला.

आता थोरल्या बंधूंचा मुद्दा. लातुरात राहणाऱ्या माणसाला बारावीचं महत्त्व मी सांगावं एवढा मी मूर्ख नाही. लातूर पॅटर्ननं अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून दिलं की मराठवाड्यातली पोरं गुणवत्ता यादीत येऊ शकतात, आणि त्याचा अभिमान नांदेडच्या माणसालाही आहे (जरा कुरकुरत, पण आहे). पण तो पॅटर्न मुळात काय होता? जादा तास घ्यायचे, अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग परीक्षा घ्यायची, पोरगं कुठं चुकतंय ते बघायचं, तेवढंच दुरुस्त करायचं, परत परीक्षा. आमच्या प्लॉटवर दर रविवारी जे चालायचं ते ह्याहून वेगळं होतं का? फरक एवढाच की क्लासच्या प्रश्नसंचात उत्तरं मागच्या पानावर असतात. बग्गीच्या मागच्या पानावर काही नसतं. तिसऱ्या वळणावर गाडी का घसरते ह्याचं उत्तर जगात कुणाकडेही नाही, कारण ते वळण फक्त आमच्या प्लॉटवर आहे. ते त्यालाच शोधायला लागतं, आणि चुकलं तर गाडी तिथल्या तिथं उलटून दाखवते, निकालाची वाट बघायला लागत नाही.

माझं म्हणणं असं, की वर्षभर दुसऱ्यानं काढलेली उत्तरं पाठ करणाऱ्या मुलाकडे अशी एक तरी गोष्ट पाहिजे जिचं उत्तर त्याचं त्यालाच काढावं लागेल. अभ्यासातून विरंगुळा म्हणून मी हे म्हणत नाही. विरंगुळ्याला मोबाइल आहेच. अभ्यासाचाच भाग म्हणून म्हणतोय. तिकडे अभियांत्रिकीची मुलं 'बाहा'साठी माणूस बसेल एवढी बग्गी स्वतः बनवतात, २००७ पासून ही स्पर्धा आपल्या देशात होते. तिथं मुलगा गेला तर पेपरात फोटो येतो आणि सगळे नातेवाईक तो पुढं पाठवतात. उंची, शॉक, गिअरचे दात, तिथंही हेच सगळं असतं. माप फक्त दहापट.

पण थोरले बंधू पूर्ण चुकीचे नाहीत, हेही लिहायला हवं. जूनमधे गाडी भाच्याबरोबर लातूरला गेली. सप्टेंबरच्या चाचणीत फिजिक्समधे त्याचे मार्क चांगलेच घसरले. ताईनं फोनवर रडून सांगितलं. मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं खरं सांगितलं, की तिथं गाडी चालवायला जागाच मिळाली नाही, म्हणून तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत परदेशातल्या शर्यतींचे व्हिडिओ बघत होता. कुठला पार्ट किती डॉलरला, कुठली मोटर कुणाकडे. तीन महिन्यांत वहीत एकही ओळ नाही. म्हणजे नाद लागला होता हे खरं, पण गाडीचा नव्हता. गाडी बंद होती म्हणून लागला होता. ह्यात माझीही चूक आहे. मी गाडी पाठवली, जागा बघितली नाही. मोटर आणून 'अजून वेगवान काहीतरी असतं' हे वेड त्याच्या डोक्यात घातलं तेही मीच. आणि ताईनं रागाच्या भरात गाडी गुंडाळून माळ्यावर टाकली, त्याबद्दल मी तिला काही म्हणणार नाही. बॅटरी आतच होती, एवढंच बोलेन. लिथियमची बॅटरी अशी भरलेली, उष्ण माळ्यावर, कागदात गुंडाळून ठेवायची नसते. ती फुगते, क्वचित पेटतेसुद्धा. सुदैवानं काही झालं नाही.

भाऊबीजेला निघताना ती मी उतरवून नांदेडला घेऊन आलो. दाजींना सांगितलं होतं, ताईला नव्हतं. आता सांगतोय.

भाच्याला पुढं काय व्हायचंय हे मी इथं लिहिणार नाही. घरात सगळ्यांना डॉक्टर हवाय, त्यानं स्वतः अजून काही म्हटलेलं नाही, मलाही नाही. मार्कांचं म्हणाल तर गाडीमुळे ते वाढतील असं वचन मी देत नाही. तसं कुणी देत असेल तर तो गाड्या विकणारा आहे असं समजा.

ताई, दाजी, माझा प्रस्ताव असा आहे. लातुरात दाजींच्या मित्राचा बांधकामाआधीचा एक प्लॉट आहे, मुरूम टाकलेला, मी बघून आलोय. रविवारी सकाळी सात ते नऊ. चार्जिंग आदल्या दिवशी संध्याकाळी, मोठं माणूस समोर बसलेलं असताना, मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवून. त्या दोन तासांत मोबाइल ताईकडे. नवा पार्ट परीक्षेपर्यंत एकही नाही, माझ्याकडूनसुद्धा नाही. आणि दर रविवारी एकच बदल. परीक्षा जवळ आली की त्यानंच ठरवावं कधी थांबायचं, मला वाटतं तो ठरवेल. नाही ठरवलं तर थोरले बंधू आहेतच.

ह्या शनिवारी मी येतोय. गाडी साफ केलीय, पाणी न लावता, नुसती ब्रशनं, बेअरिंगमधली धूळ फुंकून. पुढचा उजवा आर्म नवा आहे. थंडी पडायला लागलीय म्हणून शॉकमधे ३० घातलंय, लातूरला सकाळी जरा जास्तच गार असेल तर तो बघून घेईल. मोटर जुनीच आहे. बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या पिशवीत ठेवलीय. सोंगट्या तीन घेतल्यात, त्या परत हव्यात, इकडे कॅरम अडलाय. आबांनी विचारलंय की लातूरच्या त्या प्लॉटवर मुरमाखाली काळी आहे का चुनखडीची, ते बघून कळव.

वही माझ्याकडे नाही. माळ्यावर गाडी गेली, खोकं गेलं, रिमोट गेला, पण वही ठेवायचं कुणाला सुचलं नाही. परवा फोनवर मी सहज विचारलं तर म्हणाला, फिजिक्सच्या वहीखाली आहे.